रॅम ३२००ची घेतली, दिसतेय २१३३: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

खोक्यावर ३२०० छापलंय, बिलात पैसेही ३२००चे लागलेत आणि टास्क मॅनेजर मात्र २१३३ नाहीतर २६६६ दाखवतोय. पीसी असेंबल करून घरी आणला की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न हमखास पडतो. बहुतेक वेळा रॅम खराब नसते आणि दुकानदाराने फसवलेलंही नसतं, म्हणून ती परत करायला धावू नका.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. रॅमचा वेग एकटी रॅम ठरवत नाही. रॅमची स्टिक, मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या आत बसलेला मेमरी कंट्रोलर या तिघांचं ज्या आकड्यावर जमतं, त्या आकड्यावर रॅम चालते. तिघांतला एक जरी मागे असला तरी बाकीचे दोघं त्याच्यासाठी थांबतात. तेव्हा आपलं काम एवढंच: मागे कोण राहिलंय ते शोधायचं, आणि ते शोधेपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

हाताशी काय हवं

मदरबोर्डचं आणि प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल नाव. नुसतं "आय५ आहे" किंवा "गिगाबाइटचा बोर्ड आहे" याने काही कळत नाही. रॅमच्या स्टिकरवरचा लांबलचक मॉडेल नंबर. कॅबिनेट उघडून त्याचा फोटो काढून ठेवा. खरेदीचं बिल. सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो ही दोन मोफत सॉफ्टवेअर. दोन पेनड्राइव्ह: एक बायोस (बोर्डावरचं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) अपडेटसाठी, एक मेमरी तपासायला. दोन्ही पुसले जातील, तेव्हा त्यांवर लग्नाचे फोटो नकोत. एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. शक्य असेल तर सीआर२०३२ची नवी बटण-बॅटरी, घड्याळवाल्याकडेही मिळते.

१. खरंच कमी वेगाने चालतेय का, ते आधी मोजा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये "डीरॅम फ्रीक्वेन्सी" १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसत असेल, तर तुमची ३२००ची रॅम पूर्ण वेगाने चालतेय. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट: घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते. १६०० मेगाहर्ट्झचं घड्याळ म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष देवाणघेवाणी, आणि खोक्यावर हा दुसरा आकडा छापतात. त्याचं खरं एकक एमटी/सेकंद आहे, बाजारात त्यालाच मेगाहर्ट्झ म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. सीपीयू-झेडमध्ये दिसलेल्या आकड्याला दोनने गुणा. १०६६ दिसला तर २१३३, १३३३ दिसला तर २६६६. १५९६ असं काही दिसलं तर घाबरू नका, तेवढा फरक चालायचाच.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर टिचकी मारली की "स्पीड"समोर थेट दुप्पट केलेला आकडा येतो. त्याला पुन्हा दोनने गुणू नका.

आणखी एक जागा जिथे लोक फसतात: सीपीयू-झेडचा एसपीडी टॅब, म्हणजे स्टिकवरच्या चिपमधली रॅमची नोंद. तिथे "मॅक्स बँडविड्थ"समोर अनेकदा डीडीआर४-२१३२ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस ठरवून टाकतो की माल नकली. तसं नाही. त्याच टॅबमध्ये खाली टायमिंगचा, म्हणजे रॅम प्रतिसादाला किती ठोके घेते याचा, तक्ता असतो. त्याच्या शेवटच्या रकान्यावर एक्सएमपी-३२०० (एक्सएमपी म्हणजे कंपनीने नोंदवलेलं वरच्या वेगाचं प्रोफाइल, चौथी पायरी बघा) लिहिलेलं असेल तर माल बरोबर आहे. वेग फक्त अजून चालू केलेला नाही. तो रकानाच नसेल आणि स्टिकरवर मात्र ३२०० सीएल१६ (सीएल हा टायमिंगमधला मुख्य आकडा) छापलेलं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. जुनी रॅम वापरलेली म्हणून घेताना विक्रेत्यासमोर हा टॅब उघडूनच पैसे द्या. वरचं धातूचं कवच बदलणं सोपं असतं.

वेगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे चॅनेल, रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधली माहितीची वाट. मेमरी टॅबमध्ये डीडीआर४साठी "ड्युअल" किंवा "२ × ६४-बिट" दिसलं पाहिजे. डीडीआर५ची एकेक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन भागांत वाटलेली असते, त्यामुळे दोन स्टिकवर "४ × ३२-बिट" दिसतं. तेही बरोबरच आहे. हिशेब करून बघा: ३२००ची एकच स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देते, आणि २१३३च्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये मिळून ३४.१ जीबी. म्हणजे एक स्टिक लावून वेगासाठी जीव काढणाऱ्यापेक्षा संथ दोन स्टिकवाला पुढे असतो. रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो.

२. तुमच्या बोर्डाची आणि प्रोसेसरची मर्यादा काय आहे ते बघा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात आणि मग तीन रात्री बायोसमध्ये घालवतात. उत्तर अनेकदा इथेच असतं.

इंटेलचा संच असेल तर आधी चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) बघा. एच३१०, एच४१०, बी४६०, एच५१० आणि एच६१० यांवर मेमरी ओव्हरक्लॉक करता येत नाही, म्हणजे अधिकृत वेगाच्या वर नेता येत नाही. या बोर्डांवर प्रोसेसरचा अधिकृत वेग हाच शेवट. आय५-९४००एफ असेल तर २६६६. आय३-९१००एफ असेल तर २४००. आय५-१०४०० असेल तर पुन्हा २६६६, आणि त्याच बोर्डावर दहाव्या पिढीचा आय७ बसवला तर २९३३. तेव्हा एच४१० बोर्ड, आय५-१०४०० आणि ३२००ची रॅम असा संच २६६६वर चालत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. तो तिथेच चालणार. बायोसमध्ये एक्सएमपीचं बटण दिसलं आणि तुम्ही ते दाबलंत तरी २६६६च. कोणी "बायोस मारून देतो, हजार रुपये" म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा.

इंटेलच्या बी मालिकेत बी५६०पासून मेमरी ओव्हरक्लॉकिंग खुलं झालं. बी६६०, बी७६० आणि सगळे झेड बोर्ड या बाबतीत मोकळे आहेत. बाराव्या पिढीचा अधिकृत वेग डीडीआर४साठी ३२००, डीडीआर५साठी ४८००. तेराव्या-चौदाव्या पिढीत आय५-१३६००के आणि वरच्यांना डीडीआर५-५६००, पण आय५-१३४०० आणि आय५-१४४०० यांना ४८००च. दुकानात "चौदावी पिढी आहे, ५६०० चालेल" असं सरसकट सांगतात. एच६१० बोर्डावर आय५-१४४०० घेणाऱ्याला ते लागू पडत नाही.

एएमडीकडे चिपसेटची एवढी आडकाठी नाही. ए५२० आणि ए६२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, पण रॅमचं प्रोफाइल चालतं. मर्यादा येते ती प्रोसेसरच्या पिढीची. रायझन १००० मालिकेचा अधिकृत वेग २६६६, २०००चा २९३३, ३००० आणि ५०००चा ३२००. नावाने फसू नका: रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी हे नावात ३००० मालिकेचे असले तरी आतून आधीच्या पिढीचे आहेत आणि त्यांचा अधिकृत वेग २९३३ आहे. एएम५वर (एएमडीचं डीडीआर५वालं सॉकेट) रायझन ७०००ला ५२००, ९०००ला ५६००. पण हे दोन स्टिकसाठी. चार स्टिक लावल्या की दोघांचाही अधिकृत आकडा ३६००वर येतो. ६०००च्या चार स्टिक ३६००वर चालताना बघून धक्का बसणाऱ्यांना हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. एएम५वर ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन घ्या, ८च्या चार नको.

अधिकृत वेगाच्या वर रॅम चालत नाही असं नाही. ३६००ची रॅम रायझन ५६००वर सहसा छान चालते. पण अधिकृत आकड्यापर्यंत पोचणं हा तुमचा हक्क. त्याच्या पुढचं जे मिळेल ते तुमच्या हातात आलेल्या त्या एका प्रोसेसरच्या कुवतीवर. कंपन्याही त्याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात.

३. स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये आहेत?

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिल्या दोन्हींत शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. ए१ आणि बी१मध्ये लावल्या तर ड्युअल चॅनेल मिळतं, पण बहुतेक बोर्डांवर तारा आधी या स्लॉटला स्पर्श करून पुढे ए२-बी२पर्यंत गेलेल्या असतात. पुढचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो, त्यावरून सिग्नल परत फिरतो आणि वरचे वेग टिकत नाहीत. नुसती जागा बदलून ३६०० लागू पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

स्टिक काढताना पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, वायर बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका. धातूच्या उघड्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून हे काम करू नका. पेठेतल्या जुन्या वाड्यात वायरिंगला अर्थिंग नसेल, तर तो प्रश्न वायरमनकडून आधी सोडवा. त्याचा त्रास एकट्या रॅमला नसतो.

सोनेरी पट्ट्या काळपट दिसत असतील, विशेषतः पावसाळ्याचे चार महिने पीसी बंद पडून होता असं असेल, तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा. पांढऱ्या खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती चालतेही, पण हलक्या हाताने एकदाच, आणि नंतर रबराचा चुरा ब्रशने पूर्ण काढा. चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवा ताप. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीतला ओलावा आत जातो.

स्टिक बसवताना खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सरळ दाबा. "टक्" असा आवाज दोन्हीकडून आला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला कुलूप असतं; तिथे दुसरी बाजू अर्धवट राहते आणि एकच स्टिक दिसते.

सगळं बरोबर असूनही एक अख्खा चॅनेलच दिसत नसेल, तर कूलरचे स्क्रू बघा. एका कोपऱ्यात फार घट्ट पिळलेला कूलर प्रोसेसरला सॉकेटमध्ये तिरका दाबतो आणि मेमरीच्या पिना नीट टेकत नाहीत. स्क्रू सैल करून कोनाकोनी थोडे-थोडे घट्ट करा. तरीही नाहीच, तर सॉकेटमधली वाकलेली पिन शोधायला टॉर्च आणि भिंग लागेल. पिन वाकलेली दिसली तर ती स्वतः सरळ करू नका.

४. प्रोफाइल चालू करा

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची इवलीशी चिप असते. तिच्यात त्या रॅमची कुंडली असते: जेईडीईसी या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे सुरक्षित वेग, आणि शिवाय कंपनीने स्वतः तपासलेला वरचा वेग. बोर्ड पहिल्यांदा चालू होताना सुरक्षित वेग उचलतो. डीडीआर४साठी तो सहसा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो, डीडीआर५साठी सहसा ४८००. वरचा वेग आपण सांगितल्याशिवाय लागत नाही. त्या वरच्या वेगाच्या नोंदीला इंटेलच्या पद्धतीत एक्सएमपी म्हणतात. ती २००७मध्ये डीडीआर३ रॅमसोबत आली. एएमडीने २०२२मध्ये डीडीआर५साठी स्वतःची एक्स्पो आणली.

इथे एक बारीक भेद. ३२००ची रॅम दोन तऱ्हेची मिळते. सीएल२२, १.२ व्होल्टवाली: हिच्या एसपीडीत ३२०० हाच जेईडीईसी वेग असतो, त्यामुळे प्रोसेसरची परवानगी असेल तर काही न करता ३२०० लागतो. आणि सीएल१६, १.३५ व्होल्टवाली: हिला प्रोफाइल चालू करावंच लागतं. मित्राच्या रॅमला काही करावं लागलं नाही आणि तुमच्या रॅमला लागलं, यामागे बहुधा हेच असतं.

पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ टिचकत राहा. असूसमध्ये एफ७ दाबून अॅडव्हान्स्डमध्ये जा, एआय ट्वीकरमध्ये "एआय ओव्हरक्लॉक ट्यूनर" उघडा आणि एक्सएमपी निवडा. एएमडीच्या एएम४ (एएम५च्या आधीच्या सॉकेटच्या) बोर्डांवर असूस त्यालाच डीओसीपी म्हणतं, एएम५वर एक्स्पो. गिगाबाइटमध्ये ट्वीकर टॅबमध्ये "एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल". एमएसआयमध्ये पहिल्याच पानावर वर डावीकडे बटण असतं. एएमडी बोर्डांवर त्याचं नाव ए-एक्सएमपी. असरॉकमध्ये ओसी ट्वीकरच्या आत. निवडल्यावर वेग आणि व्होल्टेज दोन्ही आपोआप बदललेले दिसले पाहिजेत. मग एफ१० दाबून सेव्ह.

असूसच्या काही बोर्डांवर एक्सएमपी १ आणि एक्सएमपी २ असे दोन पर्याय येतात. पहिल्यात मुख्य टायमिंग रॅमच्या नोंदीतून आणि बाकीची असूसच्या मर्जीने. दुसऱ्यात सगळी नोंद जशीच्या तशी. पहिला डळमळला तर दुसरा लावून बघा.

आता धीर धरा. प्रोफाइल बदलल्यावर बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४वर दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. एएम५वर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, आणि रॅम जितकी जास्त तितका वेळ अधिक. याच वेळी घाबरून बटण दाबणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. चहा करायला जा.

चालू झाल्यावर पुन्हा पहिली पायरी: आकडा मोजा.

५. चालूच झाला नाही, किंवा परत २१३३वर आला तर

पडदा पंधरा मिनिटांनीही काळाच असेल तर सीमॉस (बायोसच्या सेटिंगची आठवण) क्लिअर करा. वायर काढा, बोर्डावर सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर बटण-बॅटरी काढून पाच मिनिटं थांबा. बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात, विंडोज आणि फाइल्सना धक्का लागत नाही.

अनेक बोर्ड ट्रेनिंग सलग फसल्यावर गुपचूप मूळ वेगावर येतात आणि विंडोज नेहमीसारखं उघडतं. म्हणजे प्रोफाइल लावलं, सेव्ह केलं आणि तरी २१३३, असं असेल तर बोर्डाने तुमचं ऐकलं नाही असं नाही. त्याने प्रयत्न केला आणि माघार घेतली. मग हे करून बघा, याच क्रमाने.

बायोस अपडेट. रायझनच्या बोर्डांवर तर याने सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण मेमरीचं जुळवणं सुधारणारा एएमडीचा कोड बायोसमधूनच येतो. बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून अगदी त्याच मॉडेलची फाइल घ्या. नावापुढचा आवृत्ती क्रमांकही जुळला पाहिजे, तो बोर्डावर छापलेला असतो. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा आणि बायोसमधल्याच सोयीने अपडेट करा: असूसची ईझेड फ्लॅश, गिगाबाइटची क्यू-फ्लॅश, एमएसआयची एम-फ्लॅश. विंडोजमधून करू नका. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर तात्पुरता थांबवा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर अपडेटनंतर विंडोज दारातच की मागेल. आणि वीज: अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते अशा भागात गुरुवारी हे काम नकोच, वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी तर अजिबात नको. यूपीएस असेल तर त्यावरच करा. अपडेटनंतर प्रोफाइल पुन्हा चालू करावं लागतं, हे विसरू नका.

मग एकेक स्टिक. फक्त ए२मध्ये पहिली लावून प्रोफाइल चालू करा, मग ती काढून दुसरी. एक चालते आणि दुसरी नाही, तर दुसरी स्टिक सदोष. दोन्ही एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, तर ओझं कंट्रोलरला झेपत नाही किंवा बोर्डाला. दोन्ही एकेकट्याही चालत नाहीत, तर दुसऱ्या पायरीवर परत जा, मर्यादा वाचण्यात चूक झालीय.

जोडी वेगवेगळ्या वेळी घेतलेली असेल तर तीच कारण समजा. आधी ८ जीबी घेतली, सहा महिन्यांनी तशीच आणखी ८ घेतली. नाव तेच, मॉडेल नंबरही तोच, तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. कंपन्या त्या बदलत राहतात. २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या तर दोन्ही २६६६वर येतात, हे तर उघडच.

६. हाताने वेग उतरवून बघा

प्रोफाइल लागत नाही म्हणून थेट २१३३वर राहायची गरज नाही. मधल्या पायऱ्या असतात आणि त्यांतली एखादी सहसा लागते.

प्रोफाइल चालूच ठेवा आणि फक्त "डीरॅम फ्रीक्वेन्सी" एकेक पायरी खाली आणा. ३६०० नाही लागला तर ३४६६, मग ३२००. टायमिंग तशीच ठेवा. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्हींचा पहिल्या प्रतिसादाचा वेळ सारखाच, १० नॅनोसेकंद. हिशेब सोपा आहे: सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा. आकडा मोठा म्हणजे रॅम चपळ असं नाही. ६००० सीएल३६ला १२ नॅनोसेकंद लागतात, ६००० सीएल३०ला १०.

व्होल्टेज थोडं वाढवून पाहता येतं. डीडीआर४चं १.३५ असेल तर १.३७, फार तर १.४०. डीडीआर५वर प्रोफाइलमध्ये आहे त्यापेक्षा ०.०५ व्होल्टहून जास्त वर जाऊ नका. एएम४वर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१० पुरेसं होतं, १.२० ही लक्ष्मणरेषा. एएम५वर एसओसी १.३०च्या वर कधीही नाही. २०२३मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोस अपडेटमधूनच ही १.३०ची मर्यादा घातली. तुमचा बोर्ड त्याआधीच्या बायोसवर असेल तर एक्स्पो लावण्याअगोदर अपडेट करा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसीचा आकडा स्वतः बघा.

इंटेलवर गियर बघा. गियर १ म्हणजे कंट्रोलर रॅमच्या घड्याळाच्या बरोबरीने, गियर २ म्हणजे निम्म्या वेगाने. डीडीआर४वर गियर १ हवा. अकराव्या पिढीच्या आय५वर ३२०० लावलं की बोर्ड स्वतःहून गियर २ धरू शकतो: आकडा वाढतो आणि पीसी उलट थोडा मंदावतो. हाताने गियर १ लावा. आय५-१२४००सारख्या, नावाच्या शेवटी के नसलेल्या प्रोसेसरवर कंट्रोलरचं व्होल्टेज कुलूपबंद असतं, त्यामुळे गियर १मध्ये ३६०० बहुधा लागत नाही. तिथे ३२०० किंवा ३४६६, गियर १ हेच योग्य. डीडीआर५ गियर २मध्येच चालते, ते सोडून द्या.

रायझन ३००० आणि ५०००वर एफसीएलके (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या आतल्या वाटेचं घड्याळ) हा रॅमच्या खऱ्या घड्याळाइतका हवा: ३६००ला १८००, ३२००ला १६००. ३६००च्या वर गेलं की बोर्ड ही जोडी तोडतो आणि मिळवलेलं बरंचसं घालवतो. रायझन ७०००वर एफसीएलके वेगळा चालतो, २००० पुरतो. तिथे यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचं घड्याळ) आणि एमसीएलके (रॅमचं घड्याळ) सारखे आहेत एवढं बघा, आणि ६०००वर समाधान माना.

७. रोज सकाळी सेटिंग गायब?

प्रोफाइल लागलं, दिवसभर चाललं, दुसऱ्या दिवशी परत २१३३. सोबत घड्याळ आणि तारीखही चुकलेली. ही रॅमची कुरबुर नाही, बोर्डावरची बटण-बॅटरी संपलीय. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आपल्याकडे घरोघरी असते. वीज पूर्ण तुटली की बायोसची आठवण त्या बॅटरीवरच टिकते. सीआर२०३२ नवी असताना ३ व्होल्ट देते. मल्टीमीटरवर २.८च्या खाली दिसली तर बदला.

८. लॅपटॉप असेल तर

इथे फार काही करता येत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये प्रोफाइलचा पर्यायच नसतो. आय५-९३००एच असेल तर २६६६, आय५-१०३००एच असेल तर २९३३. ३२००ची स्टिक बसते, चालते, पण त्या वेगाने. घेताना सीएल२२, १.२ व्होल्टची साधी स्टिक घ्या. प्रोफाइलवर अवलंबून असलेली महागडी घेतली तर ती प्रोफाइल न मिळाल्याने आणखी खालच्या वेगावर चालण्याचा धोका असतो. आणि एका स्लॉटऐवजी दोन्ही भरा. फायदा तिथेच आहे.

९. वेग लागला, आता तो टिकतो का तपासा

ही पायरी गाळू नका. विंडोज उघडलं म्हणजे रॅम स्थिर आहे असं नाही. अस्थिर रॅम फाइल लिहिताना एखादा बिट उलटवते, आणि ते कळतं महिन्यांनी: झिप उघडत नाही, प्रोजेक्टची फाइल खराब, विंडोज अपडेट अडतं, ब्राउझरचे टॅब कोसळतात, निळ्या पडद्यावर "मेमरी मॅनेजमेंट". शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर बसलेल्या मुलांनी तर हे अगदी मनावर घ्यावं. सबमिशनच्या आठवड्यात वेगाशी खेळू नका. २६६६वर नीट चालणारा पीसी त्या वेळी ३६००वर डुगडुगणाऱ्यापेक्षा लाखपट बरा.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. अपेक्षित चुका: शून्य. "एकच आलीय" म्हणजे नापास; वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी फार वरवरची आहे, तिच्यावर विसंबू नका. त्यानंतर ओसीसीटी या सॉफ्टवेअरची मेमरी चाचणी विंडोजमध्ये तासभर चालवा, कारण तेव्हा प्रोसेसरही तापलेला असतो.

आणि चाचणी कधी घेता याला महत्त्व आहे. जानेवारीच्या पहाटे पास झालेली रॅम एप्रिल-मेच्या दुपारी, खोलीत ३६-३८ अंश असताना, नापास होऊ शकते. डीडीआर५वर व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते, त्यामुळे ती अधिक तापते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये डीडीआर५चं तापमान दिसतं. ते ५५-६०च्या पुढे जात असेल आणि चुका येत असतील, तर आधी कॅबिनेटची हवा सुधारा: पुढचा पंखा, धुळीची जाळी, भिंतीपासून वीतभर अंतर.

१०. बदलून घ्यायची वेळ आली तर

स्टिक एकटीच, ए२मध्ये, मूळ सुरक्षित वेगावरही मेमटेस्टमध्ये चुका दाखवत असेल तर ती निर्विवाद सदोष आहे. पडद्याचा फोटो काढा, वेग आणि चुकांची संख्या दोन्ही दिसतील असा. प्रोफाइलच्या वेगावरच चुका येत असतील तर दुकानदार "तुमचा प्रोसेसर झेपत नाही" म्हणू शकतो, आणि ते खरंही असू शकतं. अशा वेळी ती जोडी मर्यादा जास्त असलेल्या दुसऱ्या पीसीवर लावून दाखवा. जोडीने घेतलेली रॅम जोडीनेच द्या. एकच स्टिक बदलून आली तर दोन वेगळ्या चिपांची जोडी तुमच्या गळ्यात पडते.

नवी घेत असाल तर बोर्डाच्या पानावरची क्यूव्हीएल यादी (कंपनीने त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची) उघडा आणि मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. त्या यादीत प्रोसेसरच्या मालिकेप्रमाणे वेगळे तक्ते असतात आणि किती स्टिकवर तपासलंय याचाही रकाना असतो. चौथ्या स्लॉटपर्यंत भरायचं असेल तर तो रकाना बघा. बिलावर "१६ जीबी रॅम" एवढंच लिहून घेऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर आणि दोन्ही स्टिकचे सिरीयल नंबर दुकानातच, काउंटर सोडण्याआधी लिहून घ्या.